पहिलं पाणी

९ एप्रिल १९८८ रोजी फादरनी धुणेवालीला चाळीस रुपये आगाऊ दिले. सोळा शनिवारांची सोळा धुणी, दर अडीच रुपये.

हे काम तिला सासूकडून आलेलं. बंदरातल्या हमालांनी जहाजांच्या तळातले भरावाचे दगड डोक्यावरून आणून चर्च बांधलं, तेव्हापासून वेदीवरचे रुमाल याच घरात धुतले जात. रुमालाला पवित्र भाकरीचा कण लागलेला असायचा, म्हणून पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, चर्चच्या परसातल्या मातीत ओतायचं. चौतीस वर्षं तिने ही रीत डोळ्यात तेल घालून पाळली. नवरा गेला त्या शनिवारीही.

मग चर्चच्या मागच्या भिंतीला तडा गेला. पालिकेने इमारत धोकादायक ठरवली, जागा विकली गेली. जूनअखेर शेवटची मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, झाली. बदलीच्या गडबडीत फादर तेराव्या धुण्याचे रुमाल तिच्या घरूनच घेऊन गेले. फाटकाला कुलूप लागलं आणि त्या धुण्याचं पहिलं पाणी बाटलीत भरून मोरीच्या कट्ट्यावर राहिलं.

पाडकाम अठरा दिवस चाललं. तिच्या इस्त्रीच्या टेबलासमोरच्या खिडकीतून सगळं दिसे. वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं की ती म्हणे, "इस्त्री तापलीय, नंतर बोलू."

जावेला राहवलं नाही. "अगं, एवढं चर्च गेलं, तुझं बाटलीभर पाणी काही जाईना! ओत की मोरीत."

"मोरी गटाराला मिळते."

"मग ठेव जपून. सुनेला दे आहेरात."

पाया खणून झाला. उद्या सगळ्या जागेवर काँक्रीट पडणार, असं कळलं तेव्हा ती बाटली पिशवीत घालून निघाली. मुकादमाने अडवलं.

"मावशी, आत कुठे? काही पडलं डोक्यावर, तर मला निस्तरावं लागेल."

"पाणी ओतायचंय."

"आमच्याकडे टँकर येतो."

"हे मातीतच जायला हवं."

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "त्या कोपऱ्यात ओता. सकाळी तिथलीही माती दिसायची नाही."

तिने ओतलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं. बाटली उपडी धरून ती शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबली. रडू आलं नाही, प्रार्थनाही सुचली नाही. घरी येऊन तिने उरलेल्या तीन शर्टांना इस्त्री केली.

सोळापैकी तीन धुणी झाली नाहीत. फादरचा नवा पत्ता तिला कोणी दिला नाही. त्यांचे साडेसात रुपये तिच्याकडे बाकी आहेत.