खलास म्हणणारे काका

त्या मंदीच्या वर्षी दुबईत ‘खलास’ हा शब्दच नकोसा झाला होता. नोकरी खलास, व्हिसा खलास! त्या दिवशी दुपारी मला एचआरने बोलावलं होतं. सकाळी, मी राहायचो त्या इंटरनॅशनल सिटीच्या बसस्टॉपवर मी उभा, हात नुसते लटलट कापतायत.

मागच्या हिरवळीवर रोज दिसणारे एक मराठी काका नेहमीसारखे मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. आज शेजारी एक मोठी बॅग पण होती. एक डोळा उघडून म्हणाले, “हात का कापतायत रे? ये, बस. खांदे पाड. श्वास घे, यल्ला, चल! आता सगळा सोड... खलास!”

“काका, तो शब्द नको ना!”

ते खदाखदा हसले. “अरे, जुना श्वास खलास झाल्याशिवाय नवा आत येणार कसा? मला तर नोकरीवरून काढलंय. आज दुपारचं फ्लाइट, थेट घरी.”

मी त्यांच्या शेजारी बसलो, खांदे पाडले. स्वतःची नोकरी गेलेली, आणि हा माणूस माझे खांदे सैल करतोय! काय माणूस यार!

दुपारी एचआरवाली हळूच म्हणाली, “सॉरी.”

मी लांब श्वास सोडला. “खलास,” म्हटलं, आणि टर्मिनेशन लेटरवर सही केली. शप्पथ सांगतो, हात जरासुद्धा कापला नाही.