पाटलोणीवरचा शालू

परवा कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासानं मला थेट मध्य भारत राज्य होतं त्या काळात, इंदूरच्या आमच्या मोठ्या दुकानातल्या साड्यांच्या काउंटरमागे उभं केलं. तिथे विकणाऱ्यानंच साडी नेसून दाखवायची, असा रिवाज होता. एकदा पाटलोणीवर जांभळा शालू नेसून, डोक्यावर पदर घेऊन मी गिऱ्हाईक बाईंपुढे झकास गिरकी घेतली, आणि समोर कोण? आदल्याच रविवारी ज्यांची मुलगी पाहून आलो होतो, ते सुभेदारसाहेब! त्यांचा होकार अजून यायचा होता.

"जरा फिरा," ते गरजले.

मी फिरलो.

"या निऱ्या कोणी काढल्या?"

"मीच जी."

सुभेदारसाहेब अगदी जवळ आले आणि कुजबुजले, "जावईबापू, आमच्या पोरीला हे बिलकुल जमत नाही. शिकवाल ना?"