दाजीसाहेबांची परदेशातली नेमणूक

कल्याणला बैलगाडीतून उतरले की दाजीसाहेब आधी डोक्याचं पागोटं काढून गाडीत टाकत आणि लाकडी पेटीतून दरबारी पगडी काढून चढवत. मग पूर्वेकडे तोंड करून लवून मुजरा करत आणि बरोबरच्या शिपायाला बजावत, "इथून पुढे परमुलूख. बोलताना जपून." वास्तविक त्यांच्या संस्थानाची हद्द तिथून पंधरा-वीस कोस मागेच संपलेली असे. शिपायाची तर सख्खी बहीण कल्याणातच दिलेली होती. तरी तो बिचारा ठाणं येईपर्यंत तोंड मिटून बसे.

घाटाच्या पायथ्याशी, जंगलात, एक इवलंसं संस्थान होतं. नाव देत नाही. तिथले वारस अजून मानापानाला फार जपतात. तीसेक गावं, एक पडका किल्ला आणि एक अंबारी, जिच्या खालचा हत्ती कधीच मेला होता. ठाण्याचे कलेक्टरसाहेब या संस्थानावर देखरेख ठेवत, म्हणून महाराजांनी त्यांच्यापाशी आपला वकील ठेवला होता. तेच दाजीसाहेब. कचेरीच्या लेखी ते ओसरीवरच्या बाकड्यावर ताटकळणाऱ्या माणसांपैकी एक. स्वतःच्या लेखी ते परराज्यातले राजदूत. मी त्या कचेरीत दुय्यम कारकून होतो. मासुंद्याच्या तळ्याजवळ एकाच घरात आम्ही अकरा वर्षं राहिलो. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागच्या माझ्या, मध्ये एक भिंत. ते विधुर होते, मूलबाळ नव्हतं.

दर शनिवारी ते महाराजांना खलिता लिहीत. लाखेने बंद करण्यापूर्वी मला वाचून दाखवत, कारण "मजकूर खरा आहे की नाही, हे इथल्या रहिवाशाने पाहिलेलं बरं." विषय अर्थात आम्हीच असू. एका खलित्यात होतं, "येथील लोक घंटेवर चालतात. घंटा झाली की जेवतात, घंटा झाली की धावतात. भूक लागली म्हणून जेवणारा मनुष्य सेवकाच्या पाहण्यात आला नाही." दुसऱ्यात, "येथील लिहिणारे लोक परस्परांस भेटले असता प्रकृती विचारीत नाहीत, साहेबाची मर्जी विचारतात. ती ठीक असली म्हणजे यांचीही प्रकृती ठीक असते." तिसरा मिठागरांविषयी होता. "खाडीचे पाणी वाफ्यात घेऊन त्याचे मीठ करितात आणि सरकार त्यावर पहारा ठेविते. मग समुद्र कोणाचा, असे सेवकाने एका आगऱ्यास विचारिले. तो म्हणाला, 'पानी हाय तवर देवाचा, मीठ झाला का सरकारचा.' इतके स्पष्ट उत्तर आजवर कचेरीत मिळाले नव्हते."

एकदा मी चिडलो. "दाजीसाहेब, आम्ही काय रानटी आहोत?"

"रानटी कसे? परके," ते शांतपणे म्हणाले. "मला तुमचा राग येत नाही, गोविंदराव. मला तुमचं नवल वाटतं."

त्यांचं एकच दुखणं होतं, खुर्ची. वर्षातून एकदा कलेक्टरसाहेबांचा दरबार भरे. इनामदारांना खुर्च्या आणि दाजीसाहेबांना मागच्या भिंतीशी बाक. पंधरा वर्षं ते अर्ज करत होते. "तिथे मी बसत नाही, महाराज बसतात. मी नुसता वाकतो. महाराज बाकावर कसे बसतील?" यावर आमचे चिटणीस पान लावता लावता म्हणत, "मग महाराजांना उभं राहायला सांगा." सगळी कचेरी हसे. मीही हसे.

मग जंगलखात्याचा नवा साहेब आला. संस्थानाच्या कडेची तीन गावं होती. त्यांचं जंगल सरकारी हद्दीत घ्यायचं त्याने ठरवलं. नकाशा तयार झाला, खाली संस्थानाच्या वकिलाची संमती हवी होती. चिटणिसांनी मला बोलावलं. "तुम्ही शेजारी. तुमचं ऐकतील. सांगा, यंदा दुसऱ्या रांगेत खुर्ची. वेताची."

मी घरी गेलो आणि आनंदाची बातमी द्यावी तसं ते सांगून टाकलं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

दाजीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हात आहेत का खुर्चीला?"

"आहेत."

"मग बसू," ते म्हणाले.

दरबाराच्या दिवशी ते दोन तास पाठीचा कणा न हलवता बसले. साहेबाच्या इंग्रजी भाषणातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण मान अचूक जागी डोलावत होते. दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी नकाशा पसरला. दाजीसाहेबांनी चष्मा चढवला, बोटाने तिन्ही गावं शोधली आणि म्हणाले, "खुर्ची उत्तम होती. सरकारांस आभार कळवा. सही होणार नाही."

"अहो, पण काल तुम्ही—"

"काल मी बसलो. बसण्याच्या मोबदल्यात जंगल द्यायचं, असं आम्हाला कोणी लेखी कळवलं नव्हतं. कळवा, मी महाराजांकडे पाठवतो."

असं लेखी कोण देणार? चिटणिसांनी नकाशा गुंडाळून ठेवला.

पुढचे आठ महिने दाजीसाहेबांनी तो नकाशा असा काही लोंबकळत ठेवला की बघत राहावं. कधी त्यांना हिवताप येई. मध्येच अधिक महिना निघाला. एकदा एका गावाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली आणि तेवढ्यासाठी नकाशा पुण्याला जाऊन आला. ज्या माणसाच्या पगडीला आम्ही हसत होतो, त्याचं काम काय आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

पावसाळा संपल्यावर जंगलचा साहेब शिकारीला म्हणून संस्थानात गेला आणि परतला तो कागद घेऊनच. खाली खुद्द महाराजांची सही आणि शिक्का होता. साहेबाने त्यांना एक दुनळी बंदूक भेट दिली होती. चिटणिसांनी कागद दाजीसाहेबांपुढे सरकवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

"शिक्का सरळ उमटलाय," एवढंच म्हणाले. "महाराजांना एरवी जमत नाही."

महिन्याभरात संस्थानचा कारभारी येऊन सांगून गेला की आता टपाल सुरू झालं आहे, वकिलाची गरज उरली नाही. जाताना दाजीसाहेबांचे सगळे खलिते एका टोपलीत घालून परत देऊन गेला. वरचे दोन-तीन उघडलेले होते. बाकीच्यांची लाख जशीच्या तशी.

मला वाटलं, म्हातारा आता कोसळतो. दाजीसाहेबांनी एक खलिता उचलून त्याची लाख पाहिली आणि म्हणाले, "तरीच महाराजांनी कधी उलट विचारलं नाही. मला वाटे, पटतंय."

ते ठाणं सोडून गेले नाहीत. त्या थंडीत तीन गावांतली काही माणसं कचेरीत आली. जंगलात लाकूड तोडलं म्हणून रखवालदारांनी त्यांच्या कोयत्या काढून घेतल्या होत्या. दाद कुठे मागायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या राजाचा माणूस ठाण्याला असतो, एवढंच ऐकून होती. त्यांनी दाजीसाहेबांना शोधून काढलं आणि दाजीसाहेबांनी दौत उघडली.

"अर्जात रडायचं नाही," ते मला सांगत. "रडणाऱ्याचा कागद गठ्ठ्याच्या तळाला जातो. वाचताना साहेबाला वाटलं पाहिजे की ही कल्पना त्यालाच सुचली."

"पण तुम्ही आता वकील कोणाचे?" मी विचारलं. "कचेरीत विचारतील."

"विचारलं तर सांगा, नेमणुकीचा कागद वाटेत आहे."

सहा अर्ज नामंजूर झाले. सहाही वेळा नकाराची मराठी नक्कल माझ्याच हाताने लिहावी लागली. संध्याकाळी घरी गेलं की मला त्यांच्याकडे बघवत नसे. तेच उलट म्हणत, "अक्षर छान आहे हो तुमचं." सातव्या अर्जात त्यांनी मागणी अगदी खाली आणली. आपोआप पडलेलं सुकं लाकूड आणि मोहाची फुलं, डोक्यावर मावतील तेवढी, बस्स. तो अर्ज मी कोणाला न विचारता गठ्ठ्याच्या वर ठेवला. अकरा वर्षांत मी त्यांच्यासाठी केलेलं काम म्हणायचं तर तेवढंच.

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला आणि या खेपेला तो खरा होता. चौथ्या दिवशी ते गेले. खाडीकाठच्या मसणात आम्ही पाच-सहा जण होतो. अग्नी मीच दिला. चिटणीसही आले होते. ते लांब उभे राहिले आणि चिता पेटल्यावर निघून गेले.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. इंग्रजीत दोन ओळी. मागणी मंजूर. अर्जाचं काय झालं ते विचारायला त्या गावांतले तिघं जण तीन दिवस चालत आले. ओसरीवर बसवून मी त्यांना तो मराठीत सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला. मग त्यांच्यातला वयस्क माणूस म्हणाला, "दाजी कुठं हाये? त्याला सांगाया पायजे."

मी सांगितलं. तिघांनीही डोक्यावरची मुंडाशी काढली. मग त्या म्हाताऱ्याने विचारलं, "त्याचा गाव कंचा? घरच्यांना निरोप द्याया पायजे ना. आमी जातो."

राजधानीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, पण तिथे तर ते वाड्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरत. त्यांचं गाव ते नव्हे. या माणसाने अकरा वर्षं आम्हा ठाणेकरांची बारीकसारीक माहिती लिहून ठेवली होती, आणि तुम्ही कुठले, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.