वाटीताईंची पिशवी

बडोद्यात गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीत कुणी भांड्यांची पिशवी घेऊन जिना चढायला लागलं की अजून मी हातातलं काम सोडून कान देते. स्टीलवर स्टील आपटल्याचा तो आवाज. वाटीताई आल्या, असं क्षणभर वाटतंच. आता कुठल्या येणार त्या! मागच्या दिवाळीच्या आधी वाडीतल्या आपल्या घरी झोपेतच गेल्या बिचाऱ्या. तरी तो आवाज आला की मी मनातल्या मनात सुरू करते : काल सकाळी चहा, बरोबर खारी, मग दुपारी भात...

त्यांचं खरं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलंच नाही. मला दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा दवाखान्यातल्या एका संशोधनात माझं नाव घातलं होतं. गरोदरपणी बायका काय खातात, किती झोपतात, किती राबतात आणि त्याचा आईवर नि बाळावर काय परिणाम होतो, ते मोजायचं होतं. मोजायला घरी यायच्या त्या या. कापडी पिशवीत लहानमोठ्या वाट्या, चमचे, पळ्या आणि मापाचं एक भांडं. लिफ्ट बंद असली की धापा टाकत वर येऊन म्हणायच्या, "आजोबांनी सरकारच्या फौजेत बंदूक वाहिली, मी वाट्या वाहते. ओझं सारखंच!"

"बरी आहेस ना?" वगैरे नाही. आल्या की पाणी पिऊन, "चालो, काल सकाळी उठल्यापासून सांग." आणि 'थोडंसं' हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही. "थोडंसं म्हणजे किती? तुझं थोडंसं नि माझं थोडंसं एक आहे का? माझ्याकडे बघ, मी थोडंसंच खाते!" असं म्हणून स्वतःच्या पोटावर थाप मारायच्या. डाळ म्हटलं की लगेच, "डाळ खाल्लीस की डाळीचं पाणी?" मी चिडायचे, पण सांगायचे. कारण माझ्या ताटात काय पडलं हे इतकं मन लावून विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांची एक युक्ती होती. स्वतःच्या वाट्यांवर त्यांचं भागायचं नाही. "काकी, ही जेवते ती वाटी आणा ने जरा," असं म्हणून सासूबाईंना स्वयंपाकघरात पिटाळायच्या. सासूसमोर बाई खरं सांगत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. सासूबाई आत वळल्या की वाटीताई पुढे वाकून हळूच म्हणायच्या, "हां, आता खरं बोल."

पहिल्याच दिवशी त्यांनी कागद काढून विचारलं, "हे कितवं?" माझ्याआधी सासूबाई म्हणाल्या, "पहिलंच." मी मान खाली घातली. वाटीताईंनी पेन थांबवलं आणि वाटी मागितली. सासूबाई आत गेल्या. "दुसरं," मी म्हणाले, आणि किती दिवसांनी तो शब्द तोंडातून निघाला म्हणून माझी मीच दचकले. त्यांनी काही न विचारता 'दुसरं' लिहिलं.

पहिली मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली होती. मला तिला दाखवलंसुद्धा नाही. का गेली ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. घरी आले तर तिचे कपडे कपाटातून गेलेले, आणि तिचा विषयही तसाच गेलेला. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदाही तिचं नाव काढलं नाही. मी समजून चुकले की त्यांच्या लेखी दोष माझाच आहे. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही लेखी माझाच होता.

कारण होतं संभारो. दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवसापासून आमच्याकडे पपई बंद. शेजारच्या बेननी आणलेली पपई आईंनी दारातूनच परत केली होती. पण रविवारी फाफडा यायचाच, आणि फाफड्याबरोबर संभारो. तो कच्च्या पपईचा असतो हे का आम्हाला माहीत नव्हतं? पण जन्मभर बडोद्यात राहिलेल्या आमच्या घराला पपई म्हणजे फळ. संभारो म्हणजे संभारो. दर रविवारी मी तो आवडीने खाल्ला. ती गेल्यावर एका दुपारी एकदम डोक्यात उजेड पडला, आणि मला तिथेच उलटी झाली. तेव्हापासून घरात फाफडा आला नाही. का, ते कुणी विचारलंही नाही.

एकदा आई वाटी आणायला गेल्या तेव्हा मी वाटीताईंना हे सगळं सांगून टाकलं. "त्यामुळेच गेली का हो ती?"

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मला माहीत नाही," म्हणाल्या.

असा संताप आला मला! 'नाही गं, वेडी का तू' एवढं म्हणायला काय जात होतं बाईचं? पण त्या माझा हात धरून म्हणाल्या, "एका बाईच्या ताटावरून काही म्हणजे काही कळत नाही, बेटा. कळलं असतं तर मी कशाला एवढे जिने चढले असते? अमुक खाल्लं म्हणून गेली, असं जो छातीठोकपणे सांगेल त्याला दारातूनच 'आवजो' म्हण." त्या गेल्यावर मी पोटभर रडले. त्या दुपारी मला झोपही लागली.

पुढच्या खेपेला त्यांनी उलटंच केलं. "आज वाटी तू आण. काकींना बसू दे." मी आत गेले, वाटी हातात घेतली आणि तिथेच थिजले. बाहेर आई बोलत होत्या, अगदी बारीक आवाजात. "रविवारी तिच्या ताटात मीच वाढायची हो. तिला आवडतो म्हणून दोनदोनदा वाढायची. मला कसं सुचलं नाही?" आणि वाटीताईंचं तेच उत्तर, "मला माहीत नाही, काकी. कुणालाच माहीत नाही."

म्हणजे एकाच घरात दोघीजणी तेच भूत आपापल्या खोलीत दडवून बसलो होतो. मी बाहेर आले, वाटी दिली. आईंनी डोळे पुसले.

मुलगी झाली. धडधाकट, आणि आवाज तर असा की अख्खी सोसायटी जागी! वाटीताई काटा घेऊन शेवटच्या भेटीला आल्या. तिचं वजन केलं, लांबी मोजली, गालगुच्चा घेतला. मग कागद काढला आणि या वेळी कुणालाही वाटी आणायला न पाठवता आईंकडे बघून विचारलं, "काकी, ही कितवी?"



"दुसरी," आई म्हणाल्या. मग, "पहिलीचं वजन लिहीत नाही का तुम्ही?"

"आमच्याकडे नाही ते, काकी."

"मला ठाऊक आहे. मी घेतलं होतं तिला. हिला दाखवू नका म्हणाले सगळे. मग पोरीला एकटं कसं ठेवायचं? मीच मांडीवर घेऊन बसले होते, नेईपर्यंत."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. वाटीताई मला जे विचारायच्या तेच त्यांनी आईंना विचारलं, "किती होती?"

आईंनी इकडेतिकडे पाहिलं. वाटीताईंची पिशवी उचलली. मापाचं भांडं काढून बाजूला ठेवलं, दोन्ही हातांवर पिशवी तोलून पाहिली, एक वाटी काढली, पुन्हा आत टाकली. मग म्हणाल्या, "एवढी."

मी बाळाला सतरंजीवर ठेवलं आणि हात पुढे केले. आईंनी खालून तळवा देत, जपून, ती पिशवी माझ्या हातांत दिली. आत वाट्या वाजल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती.