शनिवारची दहा स्पेलिंगं

दर शुक्रवारी माझं डोकं उठतं आणि दर शनिवारी एक किस्सा जमा होतो. भडगावातल्या आमच्या इंग्रजी शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. शनिवारी दहा स्पेलिंगांची टेस्ट, म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांची अर्धा तास प्रॅक्टिस. अर्धा तास म्हणायचं आपलं! मैत्रिणी म्हणतात, तुझी बाई मजा आहे, रोज नवे किस्से. अगं, या ना एखाद्या शुक्रवारी, पिशवी भरून घेऊन जा.

यंदा जिवाला घोर होता तो गौरवचा. मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत त्याची दहापैकी पाच स्पेलिंगं बरोबर आली नाहीत तर त्याला परत पहिलीत बसवू. आणि पहिलीत कोण? त्याची धाकटी बहीण, परी. परीच्या बाकावर बसायचं या विचारानं पोराचं जेवणातलं लक्ष उडालं होतं. खरं सांगायचं तर माझंही.

*

गौरवचे वडील गोकुळभाऊ. शेतातून आले की हातपाय धुऊन आधी पोराला स्पेलिंगं सांगायला बसतात. इतका मन लावून शिकवणारा बाप मी पाहिला नाही. तरी एका सोमवारी गौरवच्या वहीत लेमनचं स्पेलिंग पाहून मला घेरी यायची बाकी राहिली: वाय एल, ई, वाय एम, ओ, वाय एन.

बऱ्याच वेळानं उलगडा झाला. भाऊ सांगत होते, "यल, ई, यम, ओ, यन." पोरगं बिचारं ऐकलं तसं लिहीत होतं!

मी फोन केला. म्हटलं, भाऊ, यम नका म्हणू, एम म्हणा, एम. ते अगदी नम्रपणे म्हणाले, "मी तेच म्हनी ऱ्हायनू ना मॅडम. यम."

*

आफिया हुशार, पण भांडखोर. तिनं टेलरचं स्पेलिंग टी ई डबल एल ए आर लिहिलं. मी लाल फुली मारली तर माझा हात धरून खिडकीशी घेऊन गेली. समोर टेलरचं दुकान, पाटीवर ठसठशीत अक्षरांत तेच! पाटी रंगवणारे तिचे अब्बा, रशीद पेंटर. आता बाप खोटा की मॅडम खोट्या, हे मी त्या लेकराला कसं सांगायचं?

शेवटी रशीदभाईंना बोलावून घेतलं. चहा दिला, आडवळणानं विषय काढला. त्यांना राग वगैरे काही आला नाही. खिडकीतून आपली पाटी कौतुकानं न्याहाळली आणि म्हणाले, "सही होगा मॅडम आपका. लेकिन वहाँ से आज तक कोई कपडा सिलवाए बगैर वापस नहीं गया."

*

जान्हवी घरी सगळी स्पेलिंगं धडाधड म्हणायची आणि वर्गात मुकी. का ते मला कळेना. मग एका शनिवारी तिनं बाकावर थाप मारली, एक अक्षर म्हटलं. परत थाप, परत अक्षर. तिची आई भाकरी थापता थापता तिच्याकडून पाठ करून घेते, हे मला तेव्हा समजलं. एका थापेला एक अक्षर! थापेशिवाय पोरीला स्पेलिंग फुटेचना.

बघता बघता अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला. मोठ्या मॅडम धावत आल्या, आणि बोलणी कुणी खाल्ली ते सांगायला नको.

संध्याकाळी मी तिच्या आईला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मॅडम, शब्द जरासा धाकला देत जा. एलिफंटमा मन्ही भाकर फाटी गयी."

*

परत गौरव. नाइफमधला के सायलेंट असतो, हे मी त्याला घसा फोडून सांगितलं होतं. शुक्रवारी उभं केलं. म्हटलं, म्हण नाइफ.

तो काही बोलेना. मग एकदम म्हणाला, "एन, आय, एफ, ई."

मी ओरडले, अरे के कुठं गेला? तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मलाच काही समजत नाही. म्हणाला, "के सायलेंट शे ना मॅडम. म्हनीसन मी चूप ऱ्हायनू."

त्या दिवशी मी घरी जाऊन नुसती पडून राहिले.

*

आणि दिवाळीआधीचा तो शेवटचा शनिवार. मोठ्या मॅडम स्वतः गौरवची तोंडी परीक्षा घ्यायला आल्या. मॅडम मूळच्या सोनगीरच्या, अहिराणीतच वाढलेल्या, पण इंग्रजीशिवाय बोलत नाहीत, अगदीच अडलं तर पुस्तकी मराठी. शाळेत अहिराणीला बंदी. कुणी 'शे' म्हणालं की तिथल्या तिथं टोकतात, "शे नाही, आहे म्हणायचं." पोरांना ते इतकं पाठ झालंय की झोपेतसुद्धा सांगतील.

नऊ शब्द झाले. चार बरोबर. मी पदराचं टोक पिळत भिंतीला टेकून उभी. गौरवचे कान लाल झालेले.

दहावा शब्द मॅडमनी विचारला, "शी."

वर्ग खिदळला. आधीच्या शुक्रवारीही असाच खिदळला होता, तेव्हा वैतागून मी गौरवला सांगितलं होतं की अरे बाबा, आपलं घरचं 'शे' इंग्रजी अक्षरांत जसं लिहिशील, तसंच ते लिहायचं. त्याला ते आठवलं. चेहरा उजळला.

"एस, एच, ई!"

माझा जीव भांड्यात पडला. पण मॅडम कसल्या सोडतात! म्हणाल्या, अर्थ सांग, तर मार्क.

गौरव ताठ उभा राहिला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "आहे."

"काय आहे?"

"शे नाही मॅडम, आहे म्हणायचं. तुम्हीच सांगितलं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

मग म्हणाल्या, "बरोबर शे. जाय, बठ."