जज्जसाहेबांनी जज्जसाहेबांना पाडलं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या जज्जसाहेबांइतका सरळ आणि इतका डोक्याला ताप देणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. सगळी नोकरी जिल्हा न्यायालयांत काढून, बायको गेल्यावर ते मुलाकडे सिंगापुरात, आमच्या सेंगकांगला आले. निवृत्त झाले होते, पण हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. नातवंडं आयपॅडवरून भांडली की दोघांना समोर उभं करून जबान्या घ्यायचे. धाकटा वैतागून म्हणायचा, “आजोबा, जस्ट गिव्ह मी लाह!” तर त्याला पुढची तारीख मिळायची. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, माझ्या डोशात केस निघाला. मी ओरडणार, तोच म्हणाले, “थांबा वहिनी, आधी रंग पाहा.” केस माझ्यासारखाच पांढरा होता आणि दुकानदार टकला. मी मुकाट्याने खाल्लं.

कोणाच्या घरी मात्र जेवायचे नाहीत. नोकरीत दर तीन वर्षांनी बदली, आणि असतील त्या गावात कोणाच्या लग्नालाही जायचं नाही. उद्या तोच माणूस कोर्टात समोर उभा राहिला तर? त्यामुळे जन्मभरात मित्र असा जोडलाच नाही. मला एकदा म्हणाले, “वहिनी, इथे चार माणसांत बसायला मिळालं तर राहीन. नाहीतर सांगलीच्या घरी जातो. तिथल्या भिंती तरी ओळखीच्या आहेत.”

म्हणून मीच त्यांना आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभं केलं. मतं मागायला ते गेले नाहीत, मी गेले. दारोदार सांगितलं, माणूस खडूस आहे पण खोटा नाही. निवडून आले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पोटभर जेवले, वर आमटी मागून घेतली.

पुढच्याच सभेला ते मंडळाची नियमावली वाचून आले. आजवर तिला कोणी हातही लावला नव्हता. अध्यक्ष निवडीआधी वर्षभर सलग सिंगापुरात राहिलेला हवा, असं तिच्यात निघालं, आणि हे मध्ये सांगलीला जाऊन आलेले. आमची सेक्रेटरी, बँकेतली मुलगी, हात जोडून म्हणाली, “काका, कोणाचीच हरकत नाहीये. सोडा ना.”

“माझी आहे,” म्हणाले.

मग उठून टेबलाच्या अलीकडे येऊन उभे राहिले, आरोपीसारखे. “बायकोचं वर्षश्राद्ध होतं.” पुन्हा पलीकडे जाऊन खुर्चीत बसले. “कारण समजण्यासारखं आहे. ग्राह्य नाही. निवड रद्द.” हसायला लागलेल्या लोकांनी माना खाली घातल्या. मी तिथेच म्हटलं, “अहो, कोणाचं वाकडं होणार होतं?” त्यांनी चष्मा पुसला. महिनाअखेर सांगलीला गेले.

परवा फोन आला. नवे अध्यक्ष कसे आहेत, विचारलं. मी म्हटलं, “नियमात बसतात.” मग म्हणाले, “वहिनी, तुमच्या मते मी चुकलो का?” जन्मभर दुसऱ्यांना निकाल सांगितलेला माणूस चौथी शिकलेल्या बाईला विचारत होता. मी खोटं कशाला बोलू? “चुकलात,” म्हटलं.  पलीकडून हळूच म्हणाले, “आता अपिलाला वरचं कोर्ट नाही, वहिनी.”