भावाचे न झालेले गोल

माझा धाकटा भाऊ अहेरीच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळायचा. एका स्पॅनिश मिडफिल्डरवर त्याचा फार जीव होता. तो खेळाडू लहान क्लबांतून वर आला, मोठ्या क्लबात बरीच वर्षे बाकावर बसून राहिला, आणि मैदानात उतरला तेव्हाही दुसऱ्यांना चेंडू पुरवत राहिला. त्याच्या नावावर गोल जवळजवळ नाहीतच. भाऊ मला म्हणायचा, "बाई, तो पास देते म्हनून बाकीचे हिरो होतेत."

आमच्याकडे मात्र गोल करणाऱ्यालाच कोंबडा बक्षीस मिळतो. त्यामुळे मैदानाबाहेरून भावाला टोमणे ठरलेले असत. "काऊन बे, तुह्या घरी कोंबडं शिजत नाई का?"

भाऊ गेला. वर्षाच्या आत त्याच टोमणे मारणाऱ्यांनी त्याच्या स्मरणार्थ स्पर्धा भरवली. त्याच्या फोटोला हार घातला आणि मानाचा चषक ठेवला तो सर्वाधिक गोल करणाऱ्यासाठी. आयोजक माइकवर गहिवरून म्हणाले, "भाऊचे ते गोल आपन कधी विसरू नाई शकत!" मग त्यांनी डोळे पुसले. अश्रू खरे असतीलही, गोल नव्हते.

नंतर दोन शब्द बोलायला मला उभे केले. मी म्हणाले, "माझ्या भावाने आयुष्यात एकही गोल केला नाही. तो पास द्यायचा."

आयोजकांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि हळूच समजावले, "बाई, मेलेल्या मानसाबद्दल असं वाईट नाई बोलावं."